रक्तगट एकच असला म्हणून काय बिघडतं?

स्थळं बघताना पत्रिकेच्या जोडीला हल्ली रक्तगटही विचारतात. वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात उंची, शिक्षण, गोत्र, नाडी यांच्या पाठोपाठ 'रक्तगट' हा रकाना असतोच. सगळं जुळत आलं की घरातलं कोणीतरी वडीलधारं माणूस हळूच शंका काढतं, "दोघांचाही बी पॉझिटिव्ह आहे म्हणे. एकच रक्तगट असला की मूल अधू निपजतं ना?" मग दुसरं कोणी तिला एकनाडीच्या दोषाशी जोडून देतं आणि तिला 'शास्त्रीय' वजन येतं. एवढ्यावरून लग्नं मोडलेली आहेत.

या शंकेचं उत्तर सरळ आहे. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असल्यामुळे मुलाला कसलाही त्रास होत नाही. ओ पॉझिटिव्ह आणि बी पॉझिटिव्ह हे आपल्याकडे सर्वाधिक आढळणारे गट. साहजिकच लाखो जोडप्यांचे गट एकच असतात आणि त्यांची मुलं ठणठणीत असतात.

तरीही ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. आई आणि बाळ यांच्या रक्तगटांतल्या विसंवादामुळे होणारा एक आजार खरोखरच आहे. एकेकाळी त्यानं घरात एकामागून एक मुलं दगावत. पण त्याचा नियम लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलटा आहे. गट सारखे असल्यानं तो होत नाही, वेगळे असल्यानं होतो. तेही ठरावीक दिशेनं वेगळे असले तरच.

अक्षर आणि चिन्ह

'बी पॉझिटिव्ह' म्हणताना आपण दोन स्वतंत्र गोष्टी एका दमात सांगतो. 'बी' ही एका वर्गवारीतली, 'पॉझिटिव्ह' ही दुसऱ्या. दोन्ही वर्गवाऱ्या लाल रक्तपेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणांच्या आहेत. ज्या खुणेवरून शरीर आपलं आणि परकं ओळखतं तिला प्रतिजन म्हणतात. परक्या प्रतिजनाला नेमकं चिकटण्यासाठी शरीर जी प्रथिनं तयार करतं ती प्रतिपिंडं. या लेखाला एवढ्या दोन संज्ञा पुरतात.

ए, बी, ओ ही अक्षरं आली कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी व्हिएन्नात केलेल्या कामातून. त्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल मिळालं. ए आणि बी ही पेशीवरच्या साखरेच्या साखळ्यांमधली फरकाची टोकं आहेत. तशाच साखरा आतड्यातल्या जिवाणूंवरही असतात. त्यामुळे ए गटाच्या मुलाच्या अंगात बी-विरोधी प्रतिपिंडं पहिल्या काही महिन्यांतच आपोआप तयार होऊ लागतात. बी गटात ए-विरोधी होतात, आणि ओ गटात दोन्ही.

चिन्हाची गोष्ट निराळी आहे. ती 'डी' नावाच्या एका प्रथिनाबद्दल आहे. लाल पेशीवर डी असेल तर आरएच पॉझिटिव्ह, नसेल तर आरएच निगेटिव्ह. बहुतेक निगेटिव्ह माणसांत ते प्रथिन बनवणारं जनुकच नसतं. भारतात सुमारे ५ टक्के लोक निगेटिव्ह आहेत, युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १५ टक्के, तर स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क लोकांत याहून कितीतरी जास्त. महत्त्वाचं हे की निगेटिव्ह माणसाच्या अंगात डी-विरोधी प्रतिपिंडं आपोआप तयार होत नाहीत. पॉझिटिव्ह रक्ताशी प्रत्यक्ष गाठ पडली तरच होतात. ही गाठ दोन वाटांनी पडू शकते: चुकीचं रक्त चढवल्यानं, किंवा गर्भारपणातून.

आता हिशोब मांडू. आई आणि बाप दोघेही निगेटिव्ह असले तर त्यांचं प्रत्येक मूल निगेटिव्ह, आणि विषय संपला. म्हणजे निगेटिव्ह मुलीसाठी 'एकच चिन्ह' असलेला नवरा हा या बाबतीत सर्वांत निर्धोक. सोयरीक मोडणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. आई पॉझिटिव्ह असेल तर बापाचं चिन्ह काहीही असो, डीची अडचण येत नाही, कारण डी तिच्या स्वतःच्याच पेशींवर आहे. राहिली एकच जोडी: आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह. बापाकडे डी-जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर सगळी मुलं पॉझिटिव्ह होतात. एकच असेल तर दर खेपेला निम्मी शक्यता.

आपल्याकडचे सुमारे ९५ टक्के पुरुष पॉझिटिव्ह आहेत. म्हणजे निगेटिव्ह मुलीचा नवरा बहुधा पॉझिटिव्हच असणार. त्यावरून स्थळं नाकारायला लागलो तर निगेटिव्ह मुलींची लग्नंच व्हायची नाहीत. आणि नाकारायचं काही कारणही नाही, ते पुढे येईलच.

वारेतून काय जातं, काय जात नाही

पोटात असताना आईचं रक्त बाळाच्या अंगात खेळतं असं आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. तसं नसतं. वारेमध्ये दोन रक्तप्रवाह शेजारून वाहतात आणि मध्ये पातळ पडदा असतो. प्राणवायू, साखर, पोषक द्रव्यं त्यातून बाळाकडे जातात, टाकाऊ द्रव्यं उलट येतात. रक्तपेशी सहसा आपापल्या बाजूला राहतात.

प्रतिपिंडांचं काय? त्यांचे दोन प्रकार इथे कामाचे. आयजीएम हे आकारानं मोठं, पाच तुकडे एकत्र जोडून झालेलं. ते वारेतून पलीकडे जात नाही. आयजीजी लहान असतं, आणि त्याला तर वार स्वतःहून वाहून नेते. त्यासाठी तिच्या पेशींत खास यंत्रणा आहे. कारण उघड आहे. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते, आणि आईला आयुष्यभरात मिळालेलं संरक्षण, गोवरासारख्या आजारांविरुद्धचंसुद्धा, पहिले काही महिने त्याला पुरावं अशी ही सोय. पण वार गुणावगुण पाहत नाही. आयजीजी दिसलं की ती पलीकडे पोचवते. गोवराविरुद्धचं ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं डी-विरोधी आयजीजीही जातं.

पहिलं बाळ का सुटतं

आरएच निगेटिव्ह आईचं पहिलं पॉझिटिव्ह बाळ बहुधा सुखरूप असतं आणि त्रास दुसऱ्या-तिसऱ्याला होतो. जुन्या काळी याचं मोठं गूढ वाटे. पहिलं मूल धडधाकट, मग दुसरं काविळीनं गेलं, तिसरं पोटातच गेलं. अशा बाईच्या वाट्याला करणी, दृष्ट, पांढऱ्या पायाची असले शब्द येत.

उत्तर वेळेच्या गणितात आहे. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळण्याचा मुख्य क्षण बाळंतपणाचा, वार सुटण्याचा. मिसळणारं रक्त बहुतेकदा फार थोडं असतं. पण एका मिलिलीटरच्याही आतलं रक्त पुरतं.

दुधात विरजणाचा थेंब पडला की लगेच दही होत नाही. रात्र जावी लागते. बाळंतपणात आईच्या रक्तात पडलेल्या बाळाच्या पेशींचं असंच असतं. तिचं शरीर त्या परक्या डीची ओळख करून घेतं, कामाला लागतं, पण पहिली खेप संथ असते. प्रतिपिंडं दिसायला आठवडे, महिने लागतात, आणि सुरुवातीची असतात ती मोठ्या आयजीएम प्रकारची. तोवर बाळ पाळण्यात असतं. आई मात्र विरजून गेलेली असते, आणि दह्याचं पुन्हा दूध करता येत नाही. त्या डीची आठवण ठेवणाऱ्या पेशी तिच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात. पुढच्या खेपेला पॉझिटिव्ह गर्भाच्या चार पेशी जरी निसटून आल्या तरी काही दिवसांतच आयजीजीचा मोठा साठा तयार होतो, आणि वार तो इमानेइतबारे बाळाकडे पोचवते.

दर निगेटिव्ह आई अशी विरजते असंही नाही. उपचार न केल्यास एका पॉझिटिव्ह बाळंतपणामागे साधारण १६ टक्के बायकांत ही प्रतिपिंडं तयार होतात. म्हणून तर जुन्या पिढीत निगेटिव्ह आजीला पाच-सहा धडधाकट मुलं झालेली दिसतात, आणि "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं" असं ऐकायला मिळतं.

बाळाच्या अंगात

आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या लाल पेशींना चिकटतात. अशा पेशी बाळाची प्लीहा रक्तातून काढून मोडीत काढते. यातून दोन वेगळी संकटं उभी राहतात.

पहिलं रक्तक्षयाचं. लाल पेशी मरतात त्या वेगानं नव्या बनवायच्या म्हणून अस्थिमज्जेच्या मदतीला यकृत आणि प्लीहाही पेशी बनवू लागतात आणि सुजतात. अर्धवट तयार झालेल्या पेशीही रक्तात सोडल्या जातात. तरी भागलं नाही तर हृदय थकतं, बाळाच्या पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठतं. याच टप्प्यावर पूर्वी बाळं पोटातच जात.

दुसरं संकट काविळीचं. लाल पेशी मोडल्या की त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य बनतं. बाळ पोटात असेपर्यंत ते वारेतून आईकडे जातं आणि आईचं यकृत त्याची विल्हेवाट लावतं. म्हणून असं बाळ जन्मतः पिवळं नसतं. नाळ कापली की भार एकदम त्याच्या स्वतःच्या कोवळ्या यकृतावर येतो आणि पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसू लागतं. हा वेळेचा फरक आईवडिलांनीही ध्यानात ठेवावा. बहुतेक निरोगी बाळांना होणारी साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते आणि ओसरते. पहिल्याच दिवशी दिसलेली कावीळ साधी धरायची नाही, बाळाला लगेच दाखवायचं.

बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूच्या आतल्या केंद्रांत उतरतं. त्यातून वाचलेल्या मुलाला कायमचं बहिरेपण, हातापायांच्या अनियंत्रित हालचाली राहू शकतात. 'मूल अधू निपजतं' या लोकसमजुतीचं मूळ, मला वाटतं, इथे असावं. पाहिलेलं खरं होतं, लावलेलं कारण चुकलं.

रक्त तेच, तरी जुळेना

या आजाराची वेगवेगळी रूपं, सुजलेलं मृत बाळ, पिवळं बाळ, पांढरंफटक बाळ, म्हणजे एकच आजार असल्याचं बॉस्टनमधल्या लुई डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली दाखवलं होतं. कारण मात्र ठाऊक नव्हतं. ते हाती लागलं न्यूयॉर्कमधल्या एका बाळंतिणीमुळे. तिचं बाळ मृत जन्मलं, रक्तस्राव झाला, म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं. दोघंही ओ गटाचे. तरी तिला जोराची प्रतिक्रिया आली. फिलिप लेव्हिन आणि रुफस स्टेट्सन यांनी तिच्या रक्तद्रवाची इतरांच्या जुळणाऱ्या गटाच्या रक्ताशी गाठ घालून पाहिली. १०४ पैकी ८० नमुन्यांत गुठळ्या झाल्या. याचा अर्थ ए, बी, ओच्या पलीकडेही एक खूण होती. बहुतेकांकडे असलेली ही खूण या बाईकडे नव्हती. ती बाळाला बापाकडून मिळाली असावी आणि बाळाकडून आईला कळली असावी, हा त्यांचा तर्क १९३९ साली छापून आला. त्यांनी त्या खुणेला नाव मात्र दिलं नाही.

पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या पेशी टोचून तयार केलेल्या रक्तद्रवानं बहुतेक माणसांच्या पेशींच्याही गुठळ्या होतात असं दाखवलं. 'आरएच' तिथून आलं. माकडातली ती खूण आणि माणसातली डी या वेगळ्या आहेत हे नंतर सिद्ध झालं, पण तोवर नाव रुळलं होतं. लेव्हिन यांनी १९४१ पर्यंत आजाराचा सगळा दुवा जुळवला. १९४५ साली केंब्रिजमध्ये रॉबिन कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी आईच्या रक्तातली ही प्रतिपिंडं पकडण्याची चाचणी शोधली. आज गरोदरपणाच्या फायलीत 'आयसीटी' असं लिहिलेलं असतं ती हीच, इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट.

ओ गटाच्या आईचं काय

अक्षरांतला विसंवाद याहून कितीतरी जास्त जोड्यांत असतो. आई ओ आणि बाळ ए किंवा बी, ही आपल्याकडे रोजची गोष्ट. ओ गटाच्या आईकडे ए-विरोधी आणि बी-विरोधी प्रतिपिंडं आधीपासून तयारच असतात, म्हणून इथे पहिलं बाळही सुटत नाही. पण आजार बहुधा सौम्य राहतो. त्याची कारणं दोन. नवजात बाळाच्या लाल पेशींवर ए आणि बीच्या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात. शिवाय या खुणा शरीराच्या इतर पेशींवरही असल्यानं बरीच प्रतिपिंडं तिकडेच अडकून खर्ची पडतात. डी मात्र फक्त लाल पेशींवर असतं, म्हणून त्याचा सगळा मारा तिथेच बसतो. ओ गटाच्या आईच्या बाळाला कावीळ झाली तर निळ्या दिव्याखाली एक-दोन दिवस ठेवून बहुधा भागतं. यासाठी आगाऊ इंजेक्शन नाही आणि लागतही नाही.

या सौम्य विसंवादानं एक मोलाची खूण दिली. आई ओ निगेटिव्ह आणि बाळ ए पॉझिटिव्ह, असा दुहेरी फरक असेल तर डी-विरोधी प्रतिपिंडं कमी वेळा तयार होतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. स्पष्टीकरण असं की बाळाच्या पेशी आईच्या रक्तात आल्या आल्या तिच्याकडची तयार ए-विरोधी प्रतिपिंडं त्यांचा निकाल लावतात. डीची ओळख व्हायला अवधीच मिळत नाही.

विरजण्याआधी थेंब काढून घ्यायचा

लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना फुलपाखरं पाळायचा नाद होता. पंखांवरच्या नक्ष्या पिढ्यानपिढ्या कशा उतरतात याचा अभ्यास ते फिलिप शेपर्ड या तज्ज्ञाबरोबर करत, आणि त्याच अनुवंशशास्त्राच्या वाटेनं रक्तगटांकडे आले. त्यांचे तरुण सहकारी रोनाल्ड फिन यांनी १९६०च्या सुमारास सुचवलं: निसर्ग ए-विरोधी प्रतिपिंडांकडून जे करून घेतो ते आपण डी-विरोधी प्रतिपिंडं बाहेरून टोचून का करू नये?

ऐकायला हे उफराटं वाटतं. आईच्या अंगात जे होऊ द्यायचं नाही तेच तिला टोचायचं! पण टोचलेली प्रतिपिंडं पाहुणी असतात. बाळाच्या निसटलेल्या पेशींना ती चिकटतात, प्लीहा त्या पेशी उचलते, आणि आईच्या स्वतःच्या यंत्रणेला त्यांची दखल घेऊन आठवण तयार करायची वेळ येत नाही. थेंब दुधात मुरायच्या आत काढून घेतल्यासारखं हे. काही आठवड्यांनी पाहुणी प्रतिपिंडंही नाहीशी होतात. त्यामुळे हे इंजेक्शन लस नव्हे. लस आठवण निर्माण करते, हे आठवण होऊच देत नाही. "मागच्या बाळंतपणात घेतलं होतं, आता कशाला?" हा प्रश्न म्हणून गैरलागू. दर खेपेला नव्यानं घ्यावं लागतं.

लिव्हरपूलचा पहिला प्रयत्न फसला होता. त्यांनी आधी आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं वापरली आणि उलटाच परिणाम झाला. आयजीजी वापरल्यावर गाडी रुळावर आली. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गोरमन आणि विल्यम पोलॅक स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले होते. त्यांनी सिंग सिंग तुरुंगातल्या निगेटिव्ह कैद्यांना, त्यांच्या संमतीनं, पॉझिटिव्ह पेशी आणि मग प्रतिपिंडं टोचून पाहिली. बंदिवानाच्या संमतीला संमती म्हणावं का, हा प्रश्न आज विचारला जातो आणि तो रास्त आहे. बाळंतपणानंतर '७२ तासांच्या आत' हा जो नियम सगळीकडे पाळतात त्याचं मूळही त्या प्रयोगांत आहे. तुरुंगात जायची मुभा तीन दिवसांच्या अंतरानं मिळे. म्हणून ७२ तास उलटले की फायदा शून्य असं नाही. उशीर झाला तरी साधारण १० दिवसांपर्यंत इंजेक्शन देतात.

१९६८ साली अमेरिकेत हे अँटी-डी इंजेक्शन बाजारात आलं. ब्रिटनमध्ये या आजारानं होणारे मृत्यू १९६९ पूर्वी दर लाख जन्मांमागे ४६ होते, १९९० पर्यंत ते १.६ वर आले. फक्त बाळंतपणानंतर इंजेक्शन दिलं तर आई विरजण्याची शक्यता १६ टक्क्यांवरून १-२ टक्क्यांवर येते. उरलेल्या बायकांत बहुधा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतच पेशी निसटलेल्या असतात. म्हणून २८व्या आठवड्यातही एक इंजेक्शन देतात, आणि मग ही शक्यता हजारात एक-दोन इतकी खाली येते.

इंजेक्शनातली प्रतिपिंडं येतात कुठून? मुख्यतः माणसांकडूनच, ज्यांच्या रक्तात ती भरपूर आहेत अशा दात्यांच्या रक्तद्रवातून. यातलं गाजलेलं नाव ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन. चौदाव्या वर्षी छातीच्या शस्त्रक्रियेत त्यांना बरंच रक्त द्यावं लागलं होतं. त्याची परतफेड म्हणून १९५४ पासून ते रक्तदान करू लागले आणि पुढे त्यांच्या रक्तात डी-विरोधी प्रतिपिंडं मुबलक असल्याचं आढळलं. २०१८ साली, ८१व्या वर्षी, वयाची अट आडवी आल्यावर ते थांबले तोवर १,१७३ वेळा दान झालं होतं. २०२५ साली ते वारले. प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेलं अँटी-डीही आता भारतात मिळतं.

चौकट : आई निगेटिव्ह असेल तर

• पहिल्याच तपासणीत आईचा रक्तगट आणि आयसीटी. आई निगेटिव्ह निघाली की नवऱ्याचा रक्तगट.
• नवराही निगेटिव्ह असेल तर काळजी नाही.
• नवरा पॉझिटिव्ह आणि आयसीटी निगेटिव्ह: २८व्या आठवड्यात अँटी-डी. आयसीटीसाठी रक्त इंजेक्शनच्या आधी घ्यावं, कारण नंतर टोचलेली प्रतिपिंडंच चाचणीत दिसतात.
• बाळंतपणानंतर नाळेतल्या रक्तातून बाळाचा गट. बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी. बाळ निगेटिव्ह असेल तर गरज नाही.
• नेहमीची ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलिलीटर रक्ताला पुरते. त्याहून जास्त मिसळल्याची शंका असेल तर मोजण्याची वेगळी चाचणी आहे.
• गर्भपात, गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ, पोटावर मार, गरोदरपणातला रक्तस्राव, गर्भजल तपासणी: या प्रत्येक वेळी डॉक्टरांना अँटी-डीबद्दल विचारावं.

आधीच विरजलं असेल तर

आयसीटी पॉझिटिव्ह आली, म्हणजे प्रतिपिंडं तयार झालेली असली, तर अँटी-डीचा उपयोग नाही. पण बाळ गमावलंच असंही आज नाही. प्रतिपिंडांचं प्रमाण ठरावीक काळानं मोजतात. ते वाढलं तर सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या एका रोहिणीतला रक्ताचा वेग पाहतात. रक्त पातळ झालं की ते वेगानं धावतं, म्हणजे सुई न टोचता रक्तक्षय कळतो.

रक्तक्षय जास्त असेल तर पोटातल्या बाळालाच रक्त देता येतं. हे पहिल्यांदा जमवलं न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये विल्यम लायली यांनी, १९६३ साली. त्यांनी रक्त बाळाच्या पोटाच्या पोकळीत सोडलं, आणि तिथून ते हळूहळू शोषलं गेलं. आता सोनोग्राफीत बघत थेट नाळेच्या शिरेत देतात. आईच्या प्रतिपिंडांना पकडायला काही सापडू नये म्हणून निगेटिव्ह रक्त निवडतात.

जन्मानंतर निळा दिवा. त्याचा शोध लागला इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात. तिथल्या एक परिचारिका बाळांना बागेत उन्हात न्यायच्या. उघडं राहिलेलं अंग कमी पिवळं दिसतं हे त्यांनी १९५६च्या सुमारास डॉक्टरांना दाखवलं. प्रकाशानं कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलते आणि ते यकृताच्या नेहमीच्या प्रक्रियेवाचून बाहेर पडू शकतं. हे वाचून कोणी कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवू नये. या काविळीत ऊन अजिबात पुरत नाही आणि त्यात गेलेले तास महागात पडतात. दिव्यानंही आटोक्यात आलं नाही तर बाळाचं रक्त बदलतात. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं, असं करत बाळाच्या एकूण रक्ताच्या दुप्पट रक्त फिरवलं जातं. घरी गेल्यावरही काही आठवडे अशा बाळाचं हिमोग्लोबिन तपासत राहावं लागतं, कारण आईची उरलेली प्रतिपिंडं तोवर काम करत असतात.

अँटी-डी फक्त डीपुरतं आहे, हेही सांगायला हवं. लाल पेशींवर केल, छोटा सी यांसारख्या आणखी खुणा आहेत. पूर्वी रक्त चढवलेल्या पॉझिटिव्ह आईतही त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं असू शकतात. त्यांच्यासाठी प्रतिबंधक इंजेक्शन नाही, फक्त वेळेत ओळखणं आहे. आणि मुंबईचं नाव जगभर गेलेला 'बॉम्बे' रक्तगट, जो डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवला, तो साध्या तपासणीत ओसारखा दिसतो पण त्याला ओ रक्तही चालत नाही. अशा बाईची प्रसूती जिथे त्या गटाचं रक्त उपलब्ध होऊ शकेल अशाच ठिकाणी ठरवावी लागते.

सुटतं कुठे

उपाय हातात असून अर्धशतक उलटून गेलं. तरीही काविळीनं पिवळी पडलेली, रक्त बदलावं लागणारी बाळं आजही दिसतात. बाळंतपण रुग्णालयात झालं की अँटी-डी सहसा चुकत नाही. चुकतं ते बाळंतपणापर्यंत न पोचलेल्या गर्भारपणात.

औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरी पाडलेला गर्भ, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप पडलेला गर्भ, यात रक्तगट तपासलाच जात नाही. बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपातात अँटी-डीची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली म्हटलं आहे. काही डॉक्टर तरीही देतात. पण गोळ्या घरी घेणाऱ्या बाईला आठवडे नेमके किती झाले हे माहीत असतंच असं नाही. पहिल्या खेपेलाच बाळाला त्रास झाला, असं ज्यांच्याबाबत म्हटलं जातं त्यांतल्या काहींची ती खरं तर पहिली खेप नसते.

यात एक अडचण वैद्यकाच्या बाहेरची आहे. आधीचा गर्भपात सासरी माहीत नसतो, कधी नवऱ्यालाही नसतो. डॉक्टरांनी "किती दिवस गेले होते याआधी?" असं सासूसमोर विचारलं तर खरं उत्तर येणार नाही. हा प्रश्न बाईला एकटीला विचारायला हवा. जे डॉक्टर असं विचारत नाहीत त्यांच्याकडून होणारी ही चूक आहे, बाईची नव्हे.

तेव्हा तुमच्या घरात निगेटिव्ह रक्तगटाची मुलगी, सून किंवा बहीण असेल तर एवढं करा. तिचा रक्तगट तिला स्वतःला ठाऊक आहे ना, ते बघा. माता व बाल संरक्षण कार्डावर रक्तगटाची जागा असते, ती कोरी राहू देऊ नका. अँटी-डी दिलं की तारीख आणि मात्रा तिथेच लिहून घ्या आणि ते कार्ड बाळाच्या लसीकरणानंतर रद्दीत टाकू नका. आणि तपासणीच्या वेळी पाच मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या.